नाश्त्याचा रस आणि रात्रीची गोळी

वाचकाचं पत्र :

नमस्कार. मी सांगलीत गावभागात राहते, वय ५९. मुलगा पुण्याला असतो. गणपतीला येताना त्यानं ग्रेपफ्रूटच्या रसाची अख्खी पेटी आणली. मला वाटलं आपल्या तासगावच्या द्राक्षांचाच काहीतरी प्रकार असेल, पण रस चांगलाच कडसर निघाला. यानं कोलेस्टेरॉल उतरतं, चरबी कमी होते, शुगर ताब्यात राहते, असं मुलाचं म्हणणं. तीन आठवडे झाले, आम्ही दोघं रोज सकाळी अनशापोटी एकेक ग्लास घेतो. यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. गोळ्या चालू आहेत, पण त्या रात्री जेवल्यावर असतात, म्हणजे रसाचा आणि त्यांचा संबंध येत नाही. मला शुगर, बीपी आणि थायरॉईड आहे. यांचं वजन दीड किलोनं उतरलं, ते रसानंच ना? भिशीतल्या मैत्रिणीही मागे लागल्या आहेत की आम्हालाही सांग. किती घ्यावा, केव्हा घ्यावा? माझा भाऊ चिपळूणहून घरच्या झाडाची पपनसं आणतो, ती याच जातीची का? दोघांच्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो जोडले आहेत. बाकी सगळं ठीक. यांच्या पोटऱ्या हल्ली भरून येतात, पण आमराईत फेऱ्या वाढवल्यात, त्यामुळे असेल.

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. पोटऱ्यांची. म्हणून मीही तिथूनच सुरू करतो.

मिस्टरांचा रस आजपासून बंद करा. गोळी मात्र एकही बंद करू नका. हे ठळक सांगतोय, कारण औषधांच्या दुकानात काउंटरच्या मागे उभं राहून मी पाहिलंय, ‘याचं त्याच्याशी जमत नाही’ एवढं कानावर पडलं की लोक गोळीच सोडतात आणि रस चालू ठेवतात. स्टेंट (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवतात ती बारीक जाळी) टाकलेल्या माणसानं रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनानं सोडणं हे या सगळ्यातलं सर्वात धोक्याचं. उद्या सकाळी त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांना फोन करा आणि दोन गोष्टी सांगा : तीन आठवडे रोज ग्रेपफ्रूटचा रस घेतलाय आणि पोटऱ्या दुखतायत. ते बहुधा सीपीके नावाची, स्नायूंना इजा झाली आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी सांगतील. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद दिसला, किंवा जिना चढताना मांड्यांत जोरच उरला नाही असं वाटलं, तर उद्याची वाट बघू नका. आपल्याकडे सांगली-मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही.

घाबरवण्यासाठी लिहीत नाही. पोटऱ्या फेऱ्यांमुळेही दुखत असतील. चालताना दुखतात आणि थांबलं की राहतात असं असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्यांचाही प्रश्न असू शकतो, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. पण कोलेस्टेरॉलची गोळी चालू, जोडीला हा रस आणि वर स्नायूंचं दुखणं, असे तिन्ही योग जुळून आले की माझ्या धंद्यातला कुणीही कान टवकारतो : या रसानं ती गोळी रक्तात जास्त चढते आणि जास्त चढली की स्नायूंना इजा करू शकते.

आता पाकिटांकडे येतो. तुम्ही फोटो पाठवलेत हे फार चांगलं केलंत. निम्मे लोक ‘ती पिवळी छोटी गोळी’ एवढंच सांगतात. मिस्टरांच्या पहिल्या पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव आहे आणि त्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत खरं औषध : अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४० मिलिग्रॅम, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी (हिच्या कुळाला स्टॅटिन म्हणतात). दुसऱ्यावर रक्त पातळ ठेवणारी जोडी, क्लोपिडोग्रेल ७५ आणि अ‍ॅस्पिरिन ७५. तिसरं पाकीट मात्र मेडिकलवाल्यानं कात्रीनं तोडून दिलेलं आहे. चार गोळ्या उरल्यात आणि चांदीवर नावाची फक्त शेपटी शिल्लक आहे : ‘...डिपिन १०’. एक्स्पायरीची तारीखही त्या तुकड्यावर नाही. बीपीच्या गोळ्यांत अ‍ॅम्लोडिपिन आहे, सिल्निडिपिन आहे, निफेडिपिन आहे, फेलोडिपिन आहे. सगळ्यांची शेपटी एकच. पण या रसापुढे सगळ्या सारख्या वागत नाहीत. फेलोडिपिन आणि निफेडिपिनवर रसाचा परिणाम मोठा, अ‍ॅम्लोडिपिनवर बराच कमी. तेव्हा दुकानात जाऊन बिलावरून पूर्ण नाव लिहून घ्या. आणि पुढच्या वेळी निम्मं पाकीट घ्यायचं असेल, तर नाव आणि तारीख असलेली बाजू मागून घ्या. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू दे.

यात फेलोडिपिनचं नाव मुद्दाम घेतलं, कारण हा सगळा प्रकार जगाला कळला तो याच गोळीमुळे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात लंडन नावाचं गाव आहे. तिथं डेव्हिड बेली नावाचे संशोधक फेलोडिपिन आणि दारू यांचं एकमेकांशी कसं जमतं ते तपासत होते. प्रयोगात दारूची चव लपवायची होती, म्हणजे कुणाला दारू दिली आणि कुणाला नाही हे पिणाऱ्याला कळू नये. त्यासाठी निवड झाली ग्रेपफ्रूटच्या रसाची, कडवट आणि तिखट वासाचा म्हणून. निकाल आले तेव्हा दारू घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही गटांच्या रक्तात औषधाचं प्रमाण अपेक्षेच्या कितीतरी पट निघालं. दारू निर्दोष सुटली, खरा गडी रस निघाला. १९८९ साली हे छापून आलं. सुरुवातीला फारसं कुणी मनावर घेतलं नाही, पण १९९१च्या पुढच्या अभ्यासानंतर जग जागं झालं. २०१३ साली बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आढावा घेतला, तोवर या फळाशी न जमणाऱ्या औषधांची संख्या ८५च्या वर गेली होती आणि त्यातल्या ४३ औषधांच्या बाबतीत परिणाम गंभीर होऊ शकतो असं त्यांनी नोंदवलं.

हे होतं कसं? पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाका असायचा, आठवतो ना? ट्रक आत शिरण्याआधी तिथं वसुली व्हायची. आपल्या लहान आतड्याच्या भिंतीत असाच एक नाका आहे, त्या एंझाइमचं नाव सीवायपी३ए४. बऱ्याच गोळ्यांचा काही भाग तिथंच मोडला जातो आणि उरलेला रक्तात जातो. डॉक्टर जो डोस लिहितात, तो ही वसुली धरूनच ठरलेला असतो. ग्रेपफ्रूटमध्ये फ्युरानोकूमरिन नावाची द्रव्यं असतात, ती या एंझाइमला कायमचं निकामी करतात. मग गोळीचा जास्त माल थेट रक्तात. गोळी तीच, ४० मिलिग्रॅमचीच, पण अंगात तिचं वजन वाढतं.

‘कायमचं निकामी’ हे नीट वाचा, कारण तुमच्या ‘रस सकाळी आणि गोळी रात्री’ या हिशोबाचं उत्तर त्यात आहे. रस पोटातून निघून गेला म्हणजे परिणाम गेला, असं होत नाही. आतड्याला ते एंझाइम नव्यानं तयार करावं लागतं. त्याला चोवीस तास लागतात, पूर्ववत व्हायला दोन-तीन दिवसही लागू शकतात. एक साधा ग्लास, २०० मिलिलिटरचा, एवढं करायला पुरेसा आहे. त्यामुळे रोज सकाळी रस घेणाऱ्याच्या आतड्यातलं हे एंझाइम रात्रीही सावरलेलं नसतं. वेळ पुढे-मागे करून यातून सुटका नाही.

आता त्यांच्या गोळ्या एकेक. अ‍ॅटोर्वास्टॅटिनवर रोजच्या एका ग्लासनं होणारी वाढ मध्यम असते. रस लिटरभर पिणाऱ्यांत ती मोठी दिसते. हिची बहीण सिमवास्टॅटिन जास्त नाजूक : फिनलंडमधल्या एका अभ्यासात रोज एक ग्लास रस घेणाऱ्यांच्या रक्तात सिमवास्टॅटिन साडेतीन पटींच्या वर गेलं. उलट रोसुवास्टॅटिनला या रसाचं जवळपास काही वाटत नाही. पण म्हणून रस चालू ठेवण्यासाठी गोळी बदलून मागा, असं मी सांगणार नाही. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाची बसलेली घडी एका फळासाठी कशाला विस्कटायची?

क्लोपिडोग्रेलची गोष्ट उलटी आहे. ही गोळी जशी गिळतो तशी कामाची नसते, शरीरातली एंझाइम्स तिला कामाच्या रूपात आणतात. ग्रेपफ्रूटचा रस ते कामच अडवतो, असं अभ्यासात दिसलंय. म्हणजे एक गोळी जास्त चढते आणि दुसरी पुरेशी लागूच होत नाही. स्टेंट उघडा राहावा म्हणून दिलेली गोळी तीच. माझ्या दृष्टीनं मिस्टरांचा रस बंद करायला एवढं एकच कारण पुरे होतं, पोटऱ्यांची ओळ नसती तरीसुद्धा.

तुमच्या पाकिटांवर मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि थायरॉक्सिन आहे. मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन त्या नाक्यावर अडणाऱ्यांतले नाहीत, त्यामुळे तुमच्याबाबत मला एवढी धास्ती नाही. थायरॉक्सिनचा नियम मात्र वेगळा : ती गोळी सकाळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा ते एक तास काहीच नाही. ना चहा, ना रस. तुम्ही दोन्ही अनशापोटीच घेताय, म्हणजे बहुधा गोळी आणि ग्लास पाठोपाठ जात असणार. ते आधी सोडवा.

आणखी एक, भिशीत सांगायला उपयोगी पडेल. सर्दी-शिंकांसाठी लोक स्वतःच्या मनानं फेक्सोफेनाडिन आणतात. हळदीच्या आणि बेदाण्याच्या व्यापारातल्या घरांत तर त्या गोळ्यांचा डबाच असतो. ती गोळी फळांच्या रसाबरोबर घेतली की अंगी कमी लागते. ग्रेपफ्रूटच नव्हे, संत्री आणि सफरचंदाचा रसही. ती साध्या पाण्याबरोबरच घ्यायची. भिशीत कुणाचं किडनी बदलण्याचं ऑपरेशन झालेलं असेल आणि टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन चालू असेल, कुणाच्या हृदयाचे ठोके चुकतात म्हणून अमिओडेरॉन चालू असेल, कुणी फिट्ससाठी कार्बमॅझेपिन घेत असेल, तर त्यांनी या फळाकडे वळूनही पाहू नये.

एवढं झाल्यावर रसाची चांगली बाजू. ती खरी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. १०० मिलिलिटर ताज्या रसात साधारण ३५ ते ४० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) २०२० साली बाईमाणसासाठी दिवसाला ६५ आणि पुरुषासाठी ८० मिलिग्रॅमची शिफारस केली आहे, म्हणजे एका ग्लासात बाईमाणसाची दिवसाची गरज भागली, पुरुषाचीही जवळपास. पोटॅशियम असतं. गुलाबी जातीत लायकोपिन असतं, टोमॅटोला लाल रंग देतं तेच. १०० ग्रॅमला चाळीसेक कॅलरी म्हणजे फळांच्या मानानं हलकंच. कडसरपणा येतो तो नारिंजिन नावाच्या द्रव्याचा. कोलेस्टेरॉल किंचित उतरल्याचे छोटे अभ्यास आहेत. त्यांना नाव ठेवत नाही, पण गोळी जे काम करते त्याच्या जवळपासही ते जात नाहीत. आणि ज्याचं कोलेस्टेरॉल उतरायला हवं, त्याला बहुतेक वेळा स्टॅटिन आधीच चालू असते, हा यातला विनोद.

वजनाचं म्हणाल तर २००६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ९१ स्थूल माणसं, १२ आठवडे. जेवणाआधी अर्धं फळ खाणाऱ्यांचं वजन सरासरी १.६ किलोनं उतरलं, रस पिणाऱ्यांचं १.५ आणि नुसती खोटी गोळी नि दुसरं पेय घेणाऱ्यांचं ०.३ किलोनं. तीन महिन्यांत दीड किलो, तेही रोज तीनदा. मिस्टरांचं तीन आठवड्यांत तेवढं उतरलं असेल तर श्रेय आमराईला द्या. फक्त गोळ्यांचं डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत फेऱ्या पूर्वीइतक्याच ठेवायला सांगा. ‘चरबी वितळवणारं’ फळ जगात कुठं पिकत असतं तर आपल्या कवठेमहांकाळच्या बागायतदारांनी एव्हाना द्राक्षाच्या बागा मोडून तेच लावलं असतं.

शुगरसाठी रस, हा सल्ला मला कधीच पटलेला नाही, मग रस कुठल्याही फळाचा असो. पिळल्यावर चोथा जातो, साखर राहते. दोन-तीन फळं एका दमात पोटात जातात, जी आपण चावून कधीच खाल्ली नसती. २०१३ साली अमेरिकेतल्या नर्सेस आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या दीर्घकाळच्या नोंदींवर एक मोठा अभ्यास आला. अख्खी फळं, त्यातही ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद, खाणाऱ्यांत मधुमेह कमी आढळला आणि फळांचा रस जास्त पिणाऱ्यांत थोडा जास्त. द्राक्षं, ताई! सांगलीकर बाईला हे पुण्याहून कुणी सांगायला नको होतं. अर्थात तुम्हाला शुगर आहे म्हणून मूठभरच, आणि बेदाणे त्याहून हात आखडता घेऊन.

तुमच्या पेटीतल्या पाकिटाची मागची बाजूही वाचा. ‘फळाचा रस’ आणि ‘फळाचं पेय’ यांत फरक असतो. दुसऱ्यात रस थोडा आणि साखरपाणी जास्त. घटकांच्या यादीत साखर पहिल्या तिनांत असेल, तर ते तुमच्यासाठी नाहीच.

मुतखड्याची तक्रार घरात कुणाला असेल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या : लिंबू-संत्र्याला लोक मुतखड्यावर चांगलं म्हणतात, पण अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत रोज ग्रेपफ्रूटचा रस पिणाऱ्यांत खडे जास्त आढळले होते. का, त्याची चर्चा इथं नको.

पपनसाचं तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं, कारण ते आपल्या घरातलं आहे. द्राक्षाशी या फळाचा काडीचाही संबंध नाही, पपनसाशी मात्र अगदी रक्ताचा आहे. पपनस आणि संत्रं यांच्या संकरातून ग्रेपफ्रूट झालं, वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर, अठराव्या शतकात. म्हणजे भाऊ चिपळूणहून आणतो ती याची आई. आणि आईमध्येही तीच फ्युरानोकूमरिनं आहेत, जातीजातीप्रमाणे कमी-जास्त. त्यामुळे मिस्टरांना पपनसही नको. गणपतीच्या प्रसादातली एखादी फोड पोटात गेली म्हणून आकाश कोसळणार नाही, पण सोलून वाडगाभर घेऊन टीव्हीसमोर बसणं बंद. तुम्ही खा, मजेत खा. वरची पांढरी साल काढून, तिखट-मीठ लावून. शुगरच्या हिशोबानं एका वेळी दोन-तीन फोडी पुरेत.

मग मिस्टरांनी काय खावं? मोसंबी चालेल, गोड संत्रं चालेल, जेवणात पिळलेलं लिंबू चालेल. यांचा त्या एंझाइमशी असा झगडा नाही. आणि क जीवनसत्त्वच हवं असेल तर मंडईत पाटीत बसलेला पेरू घ्या. १०० ग्रॅमला २००च्या वर मिलिग्रॅम, म्हणजे ग्रेपफ्रूटच्या पाचपट, चोथ्यासकट, आणि किंमत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आवळ्यात त्याहूनही जास्त असतं. फक्त मोसंबीचा रस गाड्यावर प्यायचा झाला तर ‘साखर नको’ हे त्यानं मिक्सर सुरू करण्याआधी ओरडून सांगावं लागतं.

तुम्हाला ग्रेपफ्रूट आवडलंच असेल तर रसाऐवजी फळ आणायला मुलाला सांगा. अर्धं फळ, नाश्त्यानंतर, आठवड्यातून दोनदा. अनशापोटी नको. आंबटानं जळजळ सुरू झाली की मग तुम्ही अ‍ॅसिडिटीची गोळी मागायला माझ्यासारख्याकडेच याल. खाल्ल्यावर पाण्यानं चूळ भरा, लगेच ब्रश करू नका, दातांवरचं कवच त्यानं झिजतं. आणि ज्या दिवशी तुमच्या पाकिटांत नवीन गोळी येईल, त्या दिवशी लिहून देणाऱ्यांना आधी विचारा, ‘मी ग्रेपफ्रूट खाते, चालेल का?’ कार्डिओलॉजिस्टला बीपी माहीत असतं, दातांच्या डॉक्टरांना दात. नाश्त्याला काय घेता हे आपणहून सांगितल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

मुलावर रागावू नका. त्यानं आईबापांच्या काळजीपोटीच आणलंय. पण दोघांच्या गोळ्यांची पूर्ण नावं, डोस आणि वेळा एका कागदावर लिहा, त्याचा फोटो त्याच्या मोबाइलवर पाठवा आणि तोच कागद घडी करून मिस्टरांच्या पैशांच्या पाकिटात ठेवा. पुढच्या वेळी कुठलंही आरोग्यवर्धक प्रकरण विकत घेण्याआधी तो त्या यादीवर नजर टाकेल, निदान तशी सवय लागेल.

उरलेल्या पेटीचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारणार हे माहीत आहे. फेकायला जीव होणार नाही. मुलगा आणि सून कुठलंच औषध घेत नसतील तर त्यांच्याबरोबर परत पाठवा. शेजारच्या वहिनींना द्यायची असेल तर आधी त्यांच्या गोळ्यांची नावं विचारा. त्यांनी ‘बीपीची आहे, पांढरी, गोल’ एवढंच सांगितलं, तर देऊ नका.